अस्वल सहा महिने झोपते, मग आजीला का उठवायचे?

वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. वाचन आटोपले की आम्ही आरोग्य गटाच्या तिघी-चौघी बीपीचे मशीन आणि साखर तपासायच्या पट्ट्या घेऊन दोन-चार घरी जाऊन येतो. गेल्या पावसाळ्यात अशाच एका घरी सत्तरी ओलांडलेल्या आजी अंथरुणाला खिळल्या होत्या. न्हाणीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशन नीट झाले, डॉक्टरांनी वॉकर धरून चालवायला सांगितले. पण घरची माणसे जीव लावणारी. ‘आराम पडू द्या’ म्हणत त्यांनी आजींना महिनाभर उठूच दिले नव्हते.

आम्ही गेलो तेव्हा नातवाने मोबाइल आजींच्या पुढ्यात धरला होता. पडद्यावर पांढराशुभ्र धबधबा, आणि त्याच्या काठावर मान ताणून उभे असलेले भलेथोरले तपकिरी अस्वल. पाण्यातून मासा उसळला आणि सरळ त्याच्या जबड्यात गेला. आजी खुदकन हसल्या. नातू सांगत होता, “आजी, हे शूटिंग नाही. हे आत्ता, या घडीला अमेरिकेत चालू आहे. आणि थंडी पडली की हे अस्वल सहा महिने बिळात नुसते पडून राहते. ना खाणे, ना पिणे.”

आम्ही आजींना बसते करायला हात पुढे केला, तशा त्या म्हणाल्या, “थे अस्वल सहा महिने पडून रायते, त्याले काही होत नाही. मंग मलेच काहून उठोता वो बाई?”

घरातले सगळे हसले. आम्हीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आजारी माणसाने पडूनच राहावे, हा समज घरोघरी आहे आणि त्याने माणसे दगावतात. ‘मोठी माणसे सांगतात म्हणून मान्य’ असे न म्हणता तपासून घ्यावे, ही तर आपल्याला तथागतांनी दिलेली शिकवण. आजींनी तेच केले होते. म्हणून त्यांच्या प्रश्नाचे उत्तर या वेळच्या आरोग्य पानावर सविस्तर देत आहोत.

हे अस्वल आहे तरी कुठले?

अमेरिकेच्या अगदी वायव्य टोकाला अलास्का हे राज्य आहे. तिथे कॅटमाई नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९१२ साली तिथे नोव्हारुप्टा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, त्यानंतर १९१८ मध्ये तो भाग संरक्षित झाला आणि १९८० मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. या उद्यानात सुमारे २,२०० तपकिरी अस्वले राहतात. उद्यानात ब्रूक्स नावाची एक छोटी नदी आहे. दोन तळ्यांना जोडणारी, जेमतेम अडीच किलोमीटर लांबीची. तिच्या मधोमध पुरुषभर उंचीचा धबधबा आहे. नातवाच्या मोबाइलवर दिसत होता तो हाच ब्रूक्स धबधबा.

सॅमन जातीचा मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन दोन-तीन वर्षे वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्माच्या नदीकडे परततो. अंडी घातली की तो मरतो. ब्रूक्स नदीत येणारा सॉकाय सॅमन ज्या ब्रिस्टल उपसागरातून वर चढतो, तिथे या माशाची जगातली सर्वांत मोठी ये-जा होते. २०२२ साली तर तिथे जवळजवळ ७ कोटी ९० लाख सॉकाय परतले. प्रवाहाच्या उलट पोहत येणाऱ्या या माशांना धबधब्यावर उडी मारावीच लागते. अस्वलांना हे ठाऊक आहे. जुलैमध्ये एकाच वेळी वीस-वीस अस्वले तिथे जमतात.

२०१२ पासून एक्स्प्लोर डॉट ऑर्ग ही संस्था या नदीवर कॅमेरे लावून ते दृश्य जगाला थेट, फुकट दाखवते. तिच्या संकेतस्थळावर आणि यूट्यूबवर ते पाहता येते. जूनच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत हा हंगाम असतो, म्हणजे साधारण आपल्या आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावासाचाच काळ. जुलैमध्ये धबधब्यावर गर्दी असते. ऑगस्टमध्ये बरीच अस्वले दुसऱ्या ओढ्यांकडे पांगतात. सप्टेंबरमध्ये ती परत येतात आणि नदीच्या खालच्या अंगाला थकलेले, मरायला टेकलेले मासे खातात. वेळेचे गणितही आपल्याला सोयीचे आहे. उन्हाळ्यात अलास्काचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजले की तिथे सकाळचे सहा वाजलेले असतात. म्हणजे आपले जेवण आणि अस्वलाची न्याहारी एकाच वेळी.

काय पाहायचे?

नुसती नजर टाकली तर सगळी अस्वले सारखीच वाटतात. चार दिवस पाहिले की फरक कळू लागतो. कुणी धबधब्याच्या कठड्यावर उभे राहून उडणारा मासा तोंडात झेलते. कुणी खाली फेसाळ पाण्यात बसून वाट पाहते. कुणी धावत जाऊन पंजाखाली मासा दाबते. कुणी डोके पाण्यात घालून डोळ्यांनी शोधते. कुणी दुसऱ्याचा हिसकावते, तर एखादे दुसऱ्याच्या शेजारी बसून उरलेसुरले मिळते का ते पाहते. ही कसब त्यांना आईजवळ राहून आणि स्वतः चुका करून येतात. मासे भरपूर असले की अस्वल पूर्ण मासा खातही नाही. कातडी, मेंदू आणि अंडी हा सर्वांत चरबीचा भाग तेवढा खाते, बाकीचा सोडून देते. तो समुद्रपक्ष्यांच्या आणि लहान अस्वलांच्या वाट्याला येतो.

तिथल्या वनरक्षकांनी ओळखीसाठी अस्वलांना क्रमांक दिले आहेत, काहींना नावेही आहेत. ४८० क्रमांकाचा ओटिस हा म्हातारा नर पाहणाऱ्यांचा फार लाडका होता. त्याचे काही दात पडलेले, काही झिजलेले. तरणी अस्वले धावपळ करीत, हा आपल्या ठरलेल्या जागी पाण्यात शांत बसून राही आणि मासा जवळ आला की उचली. २०१४ पासून तिथे दर शरद ऋतूत ‘सर्वांत लठ्ठ अस्वल’ निवडायला लोक ऑनलाइन मत देतात. २०१५ पासून त्याचा आठवडा झाला. ओटिस त्यात चार वेळा जिंकला, शेवटचा २०२१ साली. २०२३ नंतर तो नदीवर दिसला नाही. २०२५ साली ३२ क्रमांकाचा चंक जिंकला, तोही मोडलेला जबडा घेऊन.

आपल्याकडे लठ्ठ म्हणणे ही चेष्टा असते. तिथे ते कौतुक आहे. का, ते समजले की आजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते.

अस्वलाची चरबी म्हणजे हिवाळ्याची शिदोरी

एका सॉकाय माशातून सुमारे साडेचार हजार कॅलरी मिळतात. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या गरजेपेक्षाही हे जास्त आहे. जुलैत एखादा दांडगा नर दिवसाला तीसहून अधिक मासे खातो. उन्हाळ्याच्या अखेरीस अस्वलाची भूक भडकते. पोट भरल्याचा निरोपच जणू मेंदूपर्यंत पोहोचत नाही. नर उन्हाळ्याच्या मध्याला पावणेतीनशे ते चारशे किलोचा असतो, ऑक्टोबरपर्यंत साडेचारशे किलोच्या पुढे जातो. ७४७ क्रमांकाच्या नराचे वजन तर सहाशे किलोंहून जास्त असल्याचा अंदाज होता.

मग थंडी येते. नदी गोठते, खायला काही उरत नाही. अस्वल डोंगराच्या उतारावर बीळ खणून आत शिरते आणि पाच-सहा महिने बाहेर येत नाही. या काळात ते खात नाही, पीत नाही, लघवी नाही, शौच नाही. हृदयाचे ठोके मिनिटाला वीसच्याही खाली येतात. शरीराचे तापमान मात्र काही अंशांनीच उतरते. शिदोरी बांधलेली ती चरबी जळत राहते. वसंतात अस्वल बाहेर येते तेव्हा वजन तिसऱ्या हिश्श्याने घटलेले असू शकते. मादी तर या बिळातच पिल्ले देते. जेमतेम अर्धा किलोची ती पिल्ले, आणि त्यांना पाजायचे दूधही त्याच चरबीतून. म्हणून शरद ऋतूत लठ्ठ असणे म्हणजे वसंतात जिवंत असणे.

पडून राहूनही त्याला काही का होत नाही?

आता आजींच्या प्रश्नाचा गाभा. माणूस पडून राहिला की चार गोष्टी बिघडतात: स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, रक्ताच्या गुठळ्या होतात आणि कातडी सडते. अस्वलाच्या शरीराने पहिल्या तिन्हींवर आतून तोड काढलेली आहे.

स्नायू आणि हाडे: आपल्या शरीरातली प्रथिने तुटली की युरिया तयार होतो आणि तो लघवीवाटे निघून जातो. बिळातले अस्वल लघवीच करत नाही. त्या युरियातला नायट्रोजन आतड्यातल्या जंतूंच्या मदतीने पुन्हा वापरला जातो, त्यातून नवी प्रथिने तयार होतात आणि ती स्नायूंच्या कामी येतात. हाडांतून कॅल्शियम निघून जाणेही आटोक्यात राहते. म्हणून सहा महिन्यांनी अस्वल उठून चालू लागते.

माणसाकडे ही सोय नाही. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो मांस घटले. ती धडधाकट माणसे होती. हाड मोडलेल्या, जेवण कमी झालेल्या आपल्या आजीचे महिन्याभरात काय होत असेल? नंतर आपणच म्हणतो, ‘वयामुळे पायातला जोर गेला.’ जोर वयाने थोडा जातो, खाटेने फार जातो.

रक्ताच्या गुठळ्या: चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि पायातले रक्त वर ढकलतात. पडून राहिले की तो पंप बंद पडतो. पायाच्या खोल शिरेत रक्त साकळते. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. अस्वलाला हे का होत नाही, याचा शोध शास्त्रज्ञांनी स्वीडनमधल्या रानटी तपकिरी अस्वलांचे रक्त हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तपासून घेतला. २०२३ साली तो अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. हिवाळ्यात अस्वलाच्या रक्तातल्या प्लेटलेट पेशींवर एचएसपी ४७ नावाचे प्रथिन खूप कमी होते आणि त्यामुळे गुठळी धरण्याची क्रिया मंदावते, असे त्यात दिसले. आणखी एक गोष्ट त्यात आहे. मणक्याला इजा होऊन वर्षानुवर्षे हालचाल बंद झालेल्या माणसांमध्येही हे प्रथिन कमी आढळले. म्हणजे आपल्या शरीराला ही युक्ती अगदीच अनोळखी नाही. पण ती लगेच जमत नाही. आज पडलेला, उद्या ऑपरेशन झालेला माणूस पहिल्या दिवसांत आणि आठवड्यांतच गुठळीच्या सर्वांत मोठ्या धोक्यात असतो.

साखर: बिळातल्या अस्वलाच्या शरीरावर इन्सुलिनचा असर कमी होतो, जसा आपल्या मधुमेहात होतो. पण वसंत आला की तो आपोआप पूर्ववत होतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात अस्वलांवर याचा अभ्यास चालतो, मधुमेहावर त्यातून काही वाट सापडेल या आशेने. आपल्या बाबतीत मात्र पोटावर आणि यकृतात साठलेली चरबी जाळणारा हिवाळा येतच नाही. आपण शिदोरी बांधतो आणि प्रवासाला निघतच नाही. म्हणून लग्नसराईत ‘अस्वलही खाते’ असे म्हणू नये. त्याचबरोबर कुणाच्या अंगावरून चेष्टाही करू नये. चेष्टेने वजन उतरत नाही, माणूस दवाखान्यात यायचा तेवढा बंद होतो.

तर आजी, उत्तर हे असे आहे. अस्वल पडून राहते कारण त्याचे शरीर लाखो वर्षांत त्यासाठी घडले आहे. आपले शरीर उठण्यासाठी घडले आहे. अस्वलाला झोप वाचवते, आपल्याला पाय वाचवतात.

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी घरी काय करावे?

सुरुवात डॉक्टरांना विचारून करावी. कोणत्या पायावर किती भार द्यायचा, कधी बसवायचे, कधी उभे करायचे, हे ऑपरेशननुसार ठरते. एकदा त्यांनी परवानगी दिली की भीतीपोटी टाळू नये.

• कूस: ज्याला स्वतः वळता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, रात्रीही. ओढू नये. चादरीसकट उचलून सरकवावे, नाहीतर कातडी घासते.

• कातडी: रोज अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा, कोपर आणि डोक्याची मागची बाजू पाहावी. पुस्तकात लिहिलेले असते की लाली दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे कातडी आजूबाजूपेक्षा काळसर, गरम, घट्ट किंवा मऊ लागते का, हे हाताने पाहावे. अशी जागा दिसली तर त्यावर भार देऊ नये, चोळू नये आणि लगेच दाखवावे.

• पाय: घोट्यापासून पाऊल वर-खाली करणे, दिवसातून अनेक वेळा. गुडघ्याची मागची शिर दाबली जाईल अशी उशी खाली ठेवू नये. रक्त पातळ करणारे औषध दिले असेल तर मनाने बंद करू नये.

• धोक्याची खूण: एकच पाय सुजला, गरम झाला, पोटरी दुखू लागली तर त्याला तेल लावून चोळू नका. हे आम्ही पुन्हा सांगतो, चोळू नका. चोळल्याने गुठळी सुटू शकते. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. अचानक दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

• जेवण: स्नायू टिकवायला प्रथिने लागतात. डाळ, अंडी, दही, शेंगदाणे, सुकट, मासे, जे घरात परवडते ते रोज थोडे थोडे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे. लघवीला उठवावे लागेल म्हणून पाणी कमी देऊ नये. लघवी न करता निभावणे फक्त अस्वलालाच जमते.

अस्वलाला कामाला लावा

आजींच्या घरी आम्ही एक युक्ती केली, ती इतर घरीही चालली. मोबाइल हातात न देता डब्याला टेकवून खाटेच्या बाजूला, डोळ्यांच्या रेषेत ठेवला. एकदा उजवीकडे, पुढच्या वेळी डावीकडे. अस्वल पाहायचे म्हणून आजी आपणहून कुशीवर वळू लागल्या. मग नियम केला: अस्वल माशाची वाट पाहत उभे असेल तोवर आपण घोटे हलवायचे, आणि त्याने मासा पकडला की थांबायचे. कधी कधी मासा पटकन मिळतो, कधी दहा-दहा मिनिटे मिळत नाही. आजी म्हणायच्या, “आज यानं लय काम करवलं.” चौथ्या दिवसापासून अस्वल फक्त बसूनच पाहायचे ठरले. पाठीला आधार, पाय खाली सोडलेले.

आजारी माणसाला काय दिसते, याला महत्त्व आहे. रॉजर उलरिक या संशोधकाने अमेरिकेतल्या एका इस्पितळातल्या नोंदी तपासून १९८४ साली दाखवले की पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली. मोबाइलचा पडदा ही खरी खिडकी नव्हे. पण ज्यांच्या खोलीला खिडकीच नाही, किंवा असली तरी पलीकडे शेजारच्या घराची भिंत आहे, त्यांच्यासाठी ती काहीच नसल्यापेक्षा बरी. ज्यांना आनापानाची सवय आहे त्यांना इथे ओळखीचे काहीतरी सापडेल. पुढे काय होईल हे आपल्या हातात नसताना, जे आहे ते शांतपणे पाहणे.

काही पथ्ये मात्र पाळावीत. सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. झोपण्याच्या तासभर आधी पडदा बंद. थेट दृश्याला डेटा बराच लागतो, तेव्हा दर्जा कमी करून पाहावे. आणि हे रान आहे, हे विसरू नये. २०२४ च्या जुलैत १२८ क्रमांकाच्या ग्रेझर या मादीचे एक पिल्लू धबधब्यावरून वाहत खाली आले आणि चंकने त्याच्यावर हल्ला केला. ते पिल्लू वाचले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर एका अस्वलाने दुसऱ्याला मारले, तेही लोकांच्या डोळ्यांदेखत. वनरक्षक अशा वेळी मध्ये पडत नाहीत. लहान मुलांना आणि मन हळवे झालेल्या रुग्णांना एकटे सोडून हे दाखवू नये.

त्या धबधब्यावर चांगली जागा ताकदीने मिळते. ‘बळी तो कान पिळी’ हा तिथला रिवाज आहे. हे पाहून कुणी म्हणेल, बघा, उच्चनीचता निसर्गातच आहे. त्याला सांगावे, अस्वलाला संविधान नाही, आपल्याला आहे. अस्वल दुबळ्याला बाजूला सारते. तथागतांनी घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुऊन काढले आणि रुग्णसेवा हीच आपली सेवा मानावी असे संघाला शिकवले. आपण पाहायचे अस्वलाकडे, वागायचे मात्र धम्माप्रमाणे.

आपल्याकडची अस्वले आणि अस्वलाचे ताईत

आजींनी तरुणपणी चंद्रपूरकडच्या जंगलात पहाटे मोहफुले वेचली आहेत. त्यांनी अस्वल पाहिले ते दुरून, जीव मुठीत धरून. ते वेगळे अस्वल. आपल्या विदर्भात आहे ते काळे, केसाळ, वाळवी, मध आणि मोहावर जगणारे. त्याला वर्षभर खायला मिळते, म्हणून ते शीतनिद्रा घेत नाही. तपकिरी अस्वल भारतात हिमालयात आहे, आपल्याकडे नाही. मोबाइलवरचे अस्वल गोंडस वाटले म्हणून रानातल्याजवळ जाऊ नये. मोहाच्या दिवसांत एकटीने पहाटे जंगलात जाऊ नये, चौघींनी बोलत, आवाज करत जावे. अस्वल अचानक समोर आले की घाबरून हल्ला करते.

जुन्या माणसांना दरवेशी आठवत असेल. नाकात दोरी घातलेले अस्वल घेऊन तो दारी येई. आजारी मुलाला त्यावर बसवत, अस्वलाचा केस ताइतात घालून गळ्यात बांधत. कुठे कुठे अजून अस्वलाची चरबी सांधेदुखीवर आणि पित्त यकृतावर म्हणून विकायचा प्रयत्न होतो. केसाने ताप उतरत नाही, चरबीने सांधा भरत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यापार गुन्हा आहे. अस्वलाच्या पित्तातला एक घटक मात्र खरोखर औषधी निघाला: अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड. त्याच्या नावातला ‘अर्सो’ लॅटिनमधल्या अस्वलावरूनच आलेला आहे. यकृताच्या आणि पित्तखड्यांच्या काही आजारांत डॉक्टर ते देतात. आज ते अस्वलाला हात न लावता कारखान्यात बनते आणि औषधाच्या दुकानात चिठ्ठीवर मिळते. तपासून घेतलेले ज्ञान आणि गळ्यात बांधलेली श्रद्धा यांतला फरक यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

पाहणारे डोळे

शेवटी एक गोष्ट. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कॅटमाईतल्या डम्पलिंग डोंगरावरच्या कॅमेऱ्यासमोर एक माणूस येऊन उभा राहिला. वारा-पाऊस चालू, धुके दाटलेले. आवाज ऐकू येत नव्हता, पण त्याचे ओठ मदत मागत होते. त्या वेळी तो कॅमेरा पाहणारे लोक थोडेच होते. पण त्यांच्यातल्या काहींच्या लक्षात आले, त्यांनी लगेच कळवले, वनरक्षक शोधत गेले आणि तो माणूस सुखरूप परत आला. हजारो मैल दूर बसलेल्या, निव्वळ लक्ष देऊन पाहणाऱ्या डोळ्यांनी एक जीव वाचवला.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला हेच शिकवले होते: आधी नीट पाहा. घरात आजारी माणूस असेल तर मोठी यंत्रे नंतर लागतात. टाच काळी पडली का, एकच पोटरी सुजली का, आज बोलणे कमी झाले का, हे आधी पाहावे लागते. ते पाहायला डिप्लोमा लागत नाही.

आश्विन पौर्णिमेच्या कार्यक्रमाला त्या आजी विहारात आल्या. वॉकर धरून, सुनेचा हात घेऊन, गल्लीच्या टोकापासून पायी. पंचशील झाल्यावर आम्ही जवळ गेलो. म्हणाल्या, “आता अस्वल झोपाले जाईन म्हणते नातू. जाऊ दे बापा त्याले. मी उठली ना.”

सप्रेम जय भीम. नमो बुद्धाय.